तयार गेमिंग पीसी तापतोय आणि अडखळतोय: ओव्हरक्लॉकच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरात सुदामा नगरात तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालची खोली. गेल्या दिवाळीत तीन लाखांच्या घरातला तयार गेमिंग पीसी घेतला: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० सुपर कार्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एसएसडी, शिवाय २ टीबीची हार्ड डिस्क, आणि वर २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. थंडीत सगळं छान चाललं. आता मे महिन्यात पंखे खोलीभर घोंगावतात, प्रोसेसर ८८ अंशांवर जातो आणि खेळताना चित्र अर्धा-एक सेकंद गोठतं. मित्र म्हणतो ओव्हरक्लॉक कर (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळव), दुकानदार म्हणतो मोठं लिक्विड कूलिंग बसव. कोणाचं ऐकू?

माझं उत्तर: सध्या दोघांचंही नको. मी इंदुरातच गेली १६ वर्षं पीसी जुळवतो आणि दुरुस्त करतो. महागडा तयार पीसी घेतलेले बरेच जण पहिल्या उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या बहुतेकांना नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही दोन दुखणी एकत्र सांगितलीत. पीसी तापतोय हे एक आणि चित्र गोठतंय हे दुसरं. दोन्ही एकाच महिन्यात सुरू झाली म्हणून एकामुळे दुसरं होत असेल असं वाटतं, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तसं वाटत नाही. या प्रोसेसरची मर्यादा ८९ अंशांची आहे. ती गाठली की तो आपला क्लॉक (कामाचा वेग) थोडा खाली आणतो, म्हणजे फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) हळूहळू कमी होतात. चित्र एकदम गोठून पुन्हा पळायला लागणं ही वेगळी खूण आहे. तिथे प्रोसेसर किंवा कार्ड कशाची तरी वाट बघत बसलेलं असतं. म्हणून दोन्हींचा शोध वेगवेगळा घेऊ.

पण मित्राच्या सल्ल्याचं आधी सांगतो, कारण तो घाईने अमलात आणला तर नुकसान होऊ शकतं. एएमडीने हा प्रोसेसर एप्रिल २०२३ मध्ये आणला. त्याच्या कोअरच्या (हिशोब करणाऱ्या भागांच्या) वर ६४ एमबी कॅशचा, म्हणजे हाताशी ठेवलेल्या जलद मेमरीचा, एक जास्तीचा थर चढवलेला आहे. खेळात तो इतका चांगला चालतो तो या थरामुळेच. पण खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडताना याच थरातून वर येते, आणि जास्तीचं व्होल्टेजही त्याला सोसत नाही. म्हणून कंपनीने मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) लॉक करूनच हा प्रोसेसर विकला. ज्या अर्थाने आपण ओव्हरक्लॉक म्हणतो तसा तो करताच येत नाही. दुकानदाराच्या सल्ल्याचं उत्तरही यातच आहे. हा प्रोसेसर ७०-८० वॉट खातानाही गरम दिसतो, कारण अडचण रेडिएटरच्या आकाराची नसून चिपमधून उष्णता वर येण्याच्या वाटेची आहे. २४० चा कूलर काढून ३६० चा लावलात तर खर्चाच्या मानाने अंश फार थोडे उतरतील.

आता गोठण्याकडे येऊ. पहिला संशय मला त्या २ टीबी हार्ड डिस्कवर आहे. तयार पीसीत सी ड्राइव्ह एसएसडीवर आणि डी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर असतो. १ टीबी लवकर भरते, मग माणूस नवा गेम डी वर टाकतो. आजचे मोठे गेम चालता चालता पुढचा नकाशा उचलत असतात, आणि फिरत्या डिस्कला ते झेपत नाही. जो गेम गोठतो तो कुठल्या ड्राइव्हवर आहे ते आज बघा. डी वर असेल तर तो एसएसडीवर हलवा, आणि एसएसडीतही १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या. हार्ड डिस्क फोटो आणि सिनेमांसाठी ठेवा.

दुसरा संशय रॅमवर. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि स्पीड वाचा. तुमच्या बिलावर बहुधा ६००० लिहिलं असेल. तिथे ४८०० दिसलं, तर तुम्ही पैसे भरलेली रॅम वापरतच नाही आहात. डीडीआर५ स्वतःहून सुरक्षित मूळ वेगावरच सुरू होते. पुढचा वेग बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सपो नावाचा पर्याय चालू केल्यावर मिळतो. कारखान्यातून किंवा दुकानातून निघताना कोणीतरी ते एक बटण दाबायचं असतं आणि ते राहून जातं. कधी दाबलेलं असतं, पण नंतर बायॉस अपडेट झालं की मागे जातं. या प्रोसेसरला मोठ्या कॅशमुळे रॅमच्या वेगाचा फरक इतरांपेक्षा कमी जाणवतो. तरी ज्याचे पैसे दिलेत ते चालू असायलाच हवं.

एक्सपो चालू केल्यावर जे होतं ते आधी सांगून ठेवतो. सेव्ह करून पीसी पुन्हा सुरू झाला की पडदा काळा राहतो. पंखे फिरतात, मदरबोर्डवर एक छोटा पिवळा किंवा केशरी दिवा लागलेला असतो आणि बाकी काहीच होत नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. मदरबोर्ड तेव्हा नव्या वेगावर रॅमशी जुळवून घेत असतो. राजेंद्र नगरातल्या एका मुलाचा रात्री अकराला मला फोन आला होता, "काका, बोर्ड जळला." त्याने घाबरून तीन वेळा मागचं बटण बंद केलं होतं आणि दर वेळी ती जुळणी पहिल्यापासून सुरू होत होती. त्याला म्हटलं, चालू कर, हात लावू नकोस, दहा मिनिटं बाहेर जाऊन बस. तो परत येईपर्यंत विंडोज आलं होतं. तुम्हीही तसंच करा. नंतर एक रात्र मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. एकही चूक निघाली तर तो वेग तुमच्या संचाला मानवत नाही, एक पायरी खाली या.

तशीच एक गोष्ट: ३२ जीबी कमी पडते म्हणून अजून दोन पट्ट्या घालायचा मोह होईल. करू नका. या पिढीत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग (एक्सपो न धरता) ५२०० आहे आणि चार भरल्या की तो ३६०० वर येतो. जास्त रॅम हवीच असेल तर आहेत त्या काढून ३२ च्या दोन घाला. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या.

तिसरा संशय सॉफ्टवेअरवर. तयार पीसीबरोबर मदरबोर्डचं एक, कूलरचं एक, कार्डाचं एक आणि विकणाऱ्याचं आणखी एक अशी सॉफ्टवेअर येतात. प्रत्येक जण दिवे रंगवतो आणि तापमान वाचतो. एकाच सेन्सरला चौघं एकदम विचारायला लागले की अधूनमधून झटका बसतो. एक ठेवा, बाकीची काढून टाका. दिवे एकदा एका रंगावर लावून ठेवलेत तर तेही एक पुष्कळ वेळा लागत नाही.

मॉनिटरचं झटकन सांगून पुढे जातो. केबल मदरबोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डालाच लावलेली हवी. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर पडून नाही ना, ते बघा. १६५ हर्ट्झचा पडदा असेल तर फ्रेमना १६० च्या आसपास लगाम घाला. डोळ्याला फरक कळणार नाही, कार्डाला मात्र आराम मिळेल.

आता उष्णता. इथे बरंच काही तुमच्या खोलीवर अवलंबून आहे, म्हणून मी दुरून ठाम आकडा देणार नाही. पण हिशोब साधा आहे. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसर आणि खोलीतली हवा यांच्यातलं अंतर राखतो. ज्या परीक्षणांत तुम्ही ७० अंश वाचलं ती २२-२५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ असतं, आणि गच्चीखालची खोली दुपारी त्याहून कमी क्वचितच असते. १७-२० अंश तर तिथेच चढले. शिवाय तुमचा पीसी भर खेळात ४५० ते ५०० वॉट ओढतो. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. दार-खिडकी लावून चार तास खेळणं म्हणजे मे महिन्यात छोटा हीटर लावून बसणं झालं.

म्हणून पहिली तपासणी फुकटची करा. एकच गेम, एकच जागा, अर्धा तास. एकदा दुपारी तीनला आणि एकदा रात्री अकरानंतर, खिडकी उघडी ठेवून. माळव्याची रात्र अजूनही दिवसापेक्षा बरीच उतरते. दोन्ही वेळा एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं, कार्डाचं आणि कार्डाच्या मेमरीचं तापमान टिपा, खोलीचंही टिपा. खोलीत जेवढे अंश उतरले तेवढेच आत उतरले, तर पीसी ठीक आहे आणि दुखणं खोलीचं आहे. रात्री खोली १० अंशांनी थंड होऊनही आतले आकडे दोन-तीननेच उतरले, तर आत हवा कोंडते आहे किंवा पंप-पंख्यात काही बिघाड आहे.

हवा कोंडण्याची दुसरी तपासणी: बाजूची काच काढून तोच गेम पुन्हा पंधरा मिनिटं. कार्डाचं तापमान पाच-सहा अंशांहून जास्त उतरलं तर कॅबिनेटला पुरेशी हवा मिळत नाही. पण काच कायमची काढून ठेवू नका. काच नसली की हवेची दिशा मोडते आणि धूळ थेट आत जाते.

आणि एक विचारतो, पीसी ठेवलाय कुठे? तुम्ही ते लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी बंद. त्या कप्प्यात तीन लाखांचे पीसी कोंबलेले मी पुष्कळ पाहिलेत. मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून पुढून पुन्हा आत जाते. कप्प्यात असेल तर आजच बाहेर काढा. जमिनीवर नको, वीतभर उंच स्टुलावर ठेवा आणि मागे भिंतीपासून हातभर अंतर सोडा. ८८ चा आकडा बघता माझा सगळ्यात जास्त भरवसा याच कारणावर आहे.

मग धूळ. इंदूर स्वच्छ शहर आहे, पण रस्त्यांची आणि मेट्रोची कामं चालू असलेल्या भागांत बारीक माती सतत उडते. सहा महिने न उघडलेल्या पीसीचा पुढचा फिल्टर काढला की त्यावरून बोट ओढायचं. धूळ उडत नाही, नमद्यासारखी सलग पट्टी सोलून निघते. एवढा थर बसल्यावर पंखा कितीही फिरला तरी हवा आत येत नाही, फक्त आवाज वाढतो. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांचे फिल्टर रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) गुलाबी निघतात. गुलाल मातीपेक्षा बारीक असतो, जाळीतून पार जातो आणि रेडिएटरच्या पात्यांत बसतो. त्या दिवशी पीसी बंद करून त्यावर चादर टाकायला मी सगळ्यांना सांगतो.

साफ करताना वायर काढा, मग ब्लोअर वापरा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. ब्लोअरच्या झोताने पंखा मोकळा भरधाव फिरवला तर बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. दिवाळीची साफसफाई आणि होळीनंतरची अशी दोन वेळा ठरवून घ्या. फिल्टर मात्र उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा.

एवढं झाल्यावर आवाज. तुमचे पंखे घोंगावतात त्याचं अर्धं कारण तापमान आणि अर्धं त्यांची सेटिंग. हा प्रोसेसर एखादी विंडो उघडली तरी क्षणभर दहा अंशांनी उडी मारतो, आणि मूळ सेटिंगमध्ये पंखे त्या प्रत्येक उडीमागे धावतात. बायॉसमध्ये पंख्यांचा आलेख असतो. ६५ अंशांपर्यंत तो सपाट ठेवा, ८० पर्यंत हळू चढवा, आणि वेग बदलायच्या आधी तीन-चार सेकंद थांबायचा पर्याय असेल तर तो लावा. लिक्विड कूलरचा पंप मात्र एकाच पूर्ण वेगावर राहू द्या.

आणि आता ते काम, ज्याला मी खरं ट्यूनिंग मानतो. वेग वाढवण्याऐवजी वीज कमी करायची. तुमच्या कार्डाची मर्यादा ३२० वॉटची आहे. शेवटच्या काही फ्रेमसाठी कार्ड बेसुमार वीज खातं. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. मर्यादा २५६ वॉट होईल, फ्रेम थोड्याशाच कमी होतील, खोलीत ६० वॉट कमी ओतले जातील आणि पंख्यांचा सूर उतरेल. उन्हाळ्यापुरतं एवढंच केलंत तरी भागेल. पुढे जायचं असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा, ०.९५ व्होल्टच्या बिंदूवर २६०० मेगाहर्ट्झ ठेवा आणि त्यापुढचा सगळा आलेख सपाट करा. प्रत्येक कार्ड वेगळं असतं. तुमचं त्यावर अडलं तर ५० मेगाहर्ट्झ खाली या.

प्रोसेसरला बायॉसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, तो कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करतो. सगळ्या कोअरना उणे १५ वर सुरुवात करा. आठवडाभर काही झालं नाही तर उणे २०. इथे एक फसगत असते. लोक तासभर जड चाचणी लावतात, पीसी टिकतो, आणि दोन दिवसांनी नुसतं यूट्यूब बघताना तो आपोआप रिस्टार्ट होतो. कमी केलेलं व्होल्टेज अंगावर येतं ते हलक्या कामात, कारण तेव्हा एखादाच कोअर सर्वांत वरच्या क्लॉकवर उडी घेतो. तसं एकदा जरी झालं तरी पाच पायऱ्या मागे या. त्या पाच पायऱ्यांनी दोनेक अंशच वाढतात.

बायॉसला हात लावणारच आहात तर ते नवीन आहे ना तेही बघा. २०२३ च्या वसंतात याच घराण्यातले काही प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजमुळे (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजमुळे) जळाले होते. नंतर एएमडीने ते १.३ व्होल्टला बांधलं, आणि तो बदल बायॉसमधूनच येतो. पण अपडेटच्या आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते तपासा. तयार पीसीत ते बऱ्याचदा तुमच्या नकळत चालू असतं. बायॉस बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, किंवा एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. की न सापडल्यामुळे डिस्क पुसावी लागलेले लोक माझ्याकडे आले आहेत, आणि त्या वेळी मी त्यांच्यासाठी काहीच करू शकलो नाही.

काच उघडलीच आहे तर कार्डाचा १६ पिनी वीजेचा प्लग टॉर्च लावून बघा. तो पूर्ण आत बसलेला हवा, मधे केसभरही फट नको. तोंडाशी वायर लगेच वाकवलेली नको, तीन-चार सेंटिमीटर सरळ येऊ द्या. काच वायरवर दाबते आहे असं दिसलं तर विकणाऱ्याला बोलवा. अर्धवट बसलेला हा प्लग वितळू शकतो. यात हयगय नको.

शेवटी वीज, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की इथे लाइट जाणं-येणं वाढतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमधला फिल्टर मग निम्मं व्होल्टेज पत्र्यावर सोडतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तशा पीसीला पेनड्राइव्ह आणि हेडफोन लावत राहिलात तर पोर्ट जातात. आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकी सगळं. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉट वाचा. १००० व्हीएवर बऱ्याचदा ६०० वॉटच लिहिलेलं असतं आणि तुमच्या पीसीबरोबर मॉनिटरही त्यावर येणार आहे. शुद्ध साइन वेव्हचा, ९०० वॉटचा घ्या, आणि तो खेळण्यासाठी नाही तर सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे असं धरून चला. घरच्या इन्व्हर्टरवर हा पीसी लावू नका.

वॉरंटीचं विकणाऱ्यावर अवलंबून आहे. काही जण काच उघडायला आणि रॅम बदलायला मोकळीक देतात, काही जण स्क्रूवर सील लावतात. कागदोपत्री एक्सपोसुद्धा ओव्हरक्लॉकमध्येच मोडतो. सील असेल तर फोनवर विचारू नका, ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कार्डाचा आणि पॉवर सप्लायचा सिरियल नंबर आजच फोटो काढून ठेवा.

या रविवारी फक्त तीन कामं करा: पीसी कप्प्यात असेल तर बाहेर काढा, फिल्टर धुवा आणि गोठणारा गेम एसएसडीवर हलवा. मग दुपारचे आणि रात्रीचे आकडे आणि रॅमचा स्पीड इथे टाका. कॅबिनेटचा पुढून आणि मागून एकेक फोटोही टाका, पंखे कुठल्या दिशेने लावलेत ते मला बघायचंय. आफ्टरबर्नरला त्यानंतरच हात लावा.